छगनशेठच्या घरातली बाळंतीण

१

"ताई, समोरच्या घराचं कुलूप रोज नजरेखालनं घालत जावा. रिकामं घर लई दिस रिकामं ऱ्हात न्हाई," असं साळूबाईनं बजावलं होतं. साळूबाई म्हणजे आळीतली जुनी सुईण. निम्मी आळी तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं उरलेल्या निम्म्या आळीलाही ती दटावायची. विजयमालेनं ते हसण्यावारी नेलं. म्हणाली, "घर काय पळून जातंय थोडंच?"

घर पळालं नाही. पण बुधवारी सकाळी तान्ह्या म्हाळीला खांद्यावर टाकून तिनं खिडकी उघडली, आणि बघते तर काय, घर जागच्या जागी होतं आणि त्याचं रिकामपण तेवढं कोणीतरी रातोरात चोरून नेलं होतं!

कुलूप गायब. चौकटीला कडुलिंबाचा डहाळा. मधल्या खोलीच्या गवाक्षातून ओव्याच्या धुरीचा वास. अंगणातल्या तारेवर एका ओळीत पांढरीशुभ्र दुपटी. आणि ओट्यावर छगनशेठचा गडी कानिफनाथ, मांडी ठोकून, जणू तिथंच उगवलाय.

विजयमाला पुण्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. म्हाळी झाल्यापासून मात्र ते सगळं तर्कशास्त्र एकाच घाण्याला जुंपलेलं होतं. म्हाळी शिंकली, तर का शिंकली? झोपली, तर इतकी गाढ का? मग नाकाशी बोट धरून बघायचं. श्वास चालू असला तरी पुन्हा बघायचं. सासूबाई म्हणत, "अगं, जरा त्या पोरीला सुखानं झोपू दे."

पण आज तिचा जीव लिडियासाठी खाली-वर झाला. लिडिया मुलींच्या शाळेत शिक्षिका, तिचा नवरा शमुवेल शुगर फॅक्टरीत फिटर. नदीकाठची त्यांची भाड्याची खोली भिंत खचून बसली, तेव्हापासून दोघं तान्ह्या आमोसला घेऊन शाळेच्याच एका वर्गात बिऱ्हाड मांडून होती. नाताळची सुट्टी म्हणून हेडबाईंनी डोळेझाक केली. सोमवारी शाळा उघडली की वर्ग मोकळा करायचा. तोवर घर नाही मिळालं, तर नोकरी सोडून नेवाशाला सासऱ्यांकडे.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल होतं. फॅक्टऱ्यांच्या पाठोपाठ कोपरगावात माणसं आली, घरं मात्र होती तेवढीच. त्यावर सरकारनं नवा कायदा केला होता. घर रिकामं झालं की मालकानं कचेरीत कळवायचं, सरकारनं ते बेघराला वाटून द्यायचं, आणि भाडंही सरकारच बांधून देणार. हे घरवाटपाचं काम कचेरीत होतं विजयमालेच्या यजमानांकडे. ते तिशीचेच, पण घरात थोरले म्हणून सगळे त्यांना काकासाहेब म्हणत. छगनशेठचं रिकामं घर लिडियाला द्यायचं हे जवळपास ठरलंच होतं.

"अहो, जाऊन बघता का जरा?"

काकासाहेब टोपी घालून गेले आणि चहा निवायच्या आत परतले. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"घर रिकामं नाही," ते म्हणाले. "आत ओली बाळंतीण आहे."

२

"तुम्ही पाहिलीत?"

"मी? बाळंतिणीच्या खोलीत शिरलेला कारकून म्हणून गाव माझी वरात काढेल! छगनशेठची पुतणी आहे म्हणे. सासरी पटकीची साथ आली, म्हणून रातोरात बैलगाडीतून इकडे आणली. मी जरा का-कू केली, तर त्या गृहस्थानं आळीदेखत तुळशीला हात लावून शपथ घेतली, 'या घरात बाई राहते आणि राहणार.' आणि परवापर्यंत तर गावात बोलवा होती, श्रीगोंद्याचा कोणी ठेकेदार या घराला पागडी देतोय म्हणून. आता बोला."

काकासाहेब सज्जन होते. म्हणून तर दुसऱ्या कोणी शपथ घेतली की ते लगेच ओशाळत.

दुपारी लिडिया आली. आमोस तिच्या कडेवर, म्हाळी विजयमालेच्या मांडीवर. दोन्ही बाळं एकमेकांचे केस धरायला झटत होती. सगळं ऐकून लिडियानं मान हलवली.

"मग मला ते घर नको, विजूताई. बाळंतिणीला बाहेर काढून मी आत जायचं? आमोस आठ दिवसांचा होता तेव्हाचं मला आठवतंय ना. नेवाशाला जाऊ आम्ही."

"आणि तुझ्या त्या पोरी? चौथीच्या?"

लिडिया आमोसच्या मुठीतून म्हाळीचा केस सोडवत राहिली. तेवढ्यानं विजयमालेचा निश्चय झाला. बाळंतीण खरी असेल, तर तिला डिंकाचे लाडू पोचवायचे. खोटी असेल, तर...

म्हाळीला घेऊन ती आधी छगनशेठच्या धान्याच्या दुकानी गेली.

"अभिनंदन, शेठ! नातू की नात?"

"नातू, वहिनी, नातू!" छगनशेठ गादीवरून अर्धे उठले. बायको जाऊन वर्षं झालेली, पदरी मूल नाही. पण चेहरा असा, की बारशाचे पेढे आत्ताच तोंडात आहेत. "भाग्य लागतं हो. तुमच्या त्या मास्तरणीसाठी वाईट वाटतं. मला कसलीच अडचण नव्हती, पण आळीत किरिस्तावांचं बिऱ्हाड म्हणजे लोक काय म्हणतील, एवढंच आपलं. आता देवानंच प्रश्न सोडवला."

तिथून ती ओट्याशी आली.

"कानिफनाथ, बाळ बरं आहे ना?"

"ब्येस हाय की. पोरगी लई गुनी, ताई. रडत सुदीक न्हाई."

"पोरगी? शेठ तर मुलगा म्हणाले."

कानिफनाथनं डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा घातलं. "शेठ म्हनले असतील तर मुलगाच असंल. आमी काय, बाहेरची मानसं."

विजयमाला घरी परतताना हसली. पण हसू टिकलं नाही. गड्याला आत कोण शिरू देतंय? त्याला काय ठाऊक असणार? एवढ्यावरून बाळंतिणीला खोटं ठरवणं म्हणजे पाप.

मग तिला एकदम जाणवलं. आपण दिवसभर खिडकीशी कान देऊन बसलो, पण बाळ एकदाही रडलं नाही.

३

न रडणारी बाळंही असतात. विजयमालेनं स्वतःलाच बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हाळीचा पाळणा खिडकीशी ओढून घेतला. आता तिला दोन कामं झाली. एक डोळा पाळण्यात, एक समोर.

दुपटी तारेवर होती. कालचीच. रात्रभर दवात भिजून पुन्हा उन्हात वाळत पडलेली.

"साळूबाई, तुम्ही बाळाचे कपडे दिवेलागणीनंतर बाहेर ठेवाल?"

"अवो, बोलू बी नगा!" दळण घेऊन निघालेली साळूबाई दारातच थबकली. "वरनं पाखरू उडालं, सावली पडली, तर लेकरू कुरकुरतंय. शेण-गोठा सोडून आदी दुपटी घरात. माज्या हाताखालची एक बी आई असं करनार न्हाई."

विजयमालेचा पाखराच्या सावलीवर विश्वास नव्हता. तरी म्हाळीची दुपटी ऊन उतरायच्या आत तीही घरात आणायची. उगाच कशाला परीक्षा!

"तुम्हांला आत बोलावलं का हो? तेल लावायला?"

"मला? मी गेल्ते तर त्यो कान्या म्हनतो, बाहेरचं वारं नगं. मला म्हनतो! त्याला मी उलटं धरून रडिवलाय जलमला तवा!"

तेवढ्यात कावड घेऊन भीमा आला. आळीतल्या सगळ्या घरी नदीचं पाणी तोच भरायचा. विजयमालेनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "भीमा, समोर आता पाणी वाढलं असेल, नाही?"

"कशाचं, बाई! येक घागर. ती बी कानिफदादाच ओट्यावरून आत नेतो. तुमच्याकडं म्हाळसाबाई आल्यापासनं माजा खांदा सोलपटून निगालाय, आन् तिथं बाळंतीण असून येक घागर! शेठची पुतनी लई काटकसरी दिसती."

भीमा हसत गेला. विजयमाला मात्र उंबऱ्यातच खिळली. मग म्हाळीला उचलून सरळ रस्ता ओलांडून गेली, आणि भाजी घ्यायला निघालेल्या बाईसारखी समोरच्या घराच्या बाजूच्या बोळात शिरली. तिथं मोरीचं तोंड होतं. ती वाकली.

मोरीच्या तोंडातून मुंग्यांची रांग आरामात आत चालली होती.

४

"अहो, जेवता जेवता ऐका," रविवारी दुपारी भाकरी वाढत ती म्हणाली. "समोर बाळंतीण नाही."

काकासाहेबांचा घास हातात राहिला.

"म्हाळी झाली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"ओट्यावर."

"आमोस झाला तेव्हा शमुवेल कुठं होता? ओट्यावर. तुमचे वडील, आजोबा, सगळे ओट्यावर. ओट्यावरून बाळंतपण कसं दिसतं? दाराला लिंब, खिडकीतून धुरी, तारेवर दुपटी. झालं! छगनशेठनं नेमकं तेवढंच मांडलंय. पुरुषाला जेवढं दिसतं तेवढं."

"मग राहिलं काय?"

"पाणी! बाळाला न्हाऊ, आईला न्हाऊ, कढत पाण्याचे हंडे. आपल्या मोरीला महिनाभर तेलाचा आणि डाळीच्या पिठाचा वास होता, बोळ दिवसभर ओला. समोरच्या मोरीत मुंग्यांनी संसार थाटलाय. बरं, ती दुपटी! चार दिवस वापरलेलं दुपटं इतकं पांढरं राहतं? म्हाळीची बघा, कितीही खळबळा, पिवळे डाग बसलेलेच. त्यात ती रात्रभर बाहेर. ती वाळत घालणारा कानिफनाथ आहे. कोणी बाई आत असून तारेला हात लावत नाही."

"पण असं त्यानं का करावं?"

"तुम्हीच तर म्हणालात ना, श्रीगोंद्याचा कोणी ठेकेदार घरासाठी पागडी द्यायला तयार आहे. सरकारनं बांधलेल्या भाड्यापेक्षा ती गोड. त्याला यायला वेळ लागेल, तोवर घर रिकामं दिसता कामा नये. आणि लिडिया नको, हे तर त्यानं तोंडानंच सांगितलं."

काकासाहेबांनी भाकरी खाली ठेवली. "शाबास! म्हणजे आत चिटपाखरू नाही. उद्याच..."

"थांबा." विजयमालेचा आवाज उतरला. "तेच तर मला कळत नाहीये. आज कानिफनाथ जेवायला गेला. जाताना बाहेरून कडी घालून गेला. तरी थोड्या वेळानं गवाक्षातून नवा धूर आला. ओव्याचा. चांगला भपकारा."

"म्हणजे?"

"म्हणजे आत कोणीतरी आहे. बाळंतीण नाही, पण शेगडीवर ओवा टाकणारं माणूस आहे. आवाज करत नाही, बाहेर येत नाही." ती उठून उभी राहिली. "आणि अहो, दारंखिडक्या बंद करून कोळशाच्या शेगडीपाशी बसलंय! गवाक्ष तेवढं उघडं, अशानं माणूस गुदमरून जातं! आत्ता धूर येतोय का? येत नाहीये. कधीपासून येत नाहीये?"

५

आडकाठी एकच होती, कानिफनाथ. तो जेवून परत येऊन ओट्यावर बसला होता.

विजयमालेनं लाडूचा डबा घेतला. झबलं-टोपरं घेतलं. म्हाळीला सासूबाईंकडे दिलं, दोनदा परत येऊन नाकाशी बोट धरून पाहिलं, आणि निघाली. वाटेत साळूबाईला हाक मारली. लिडिया गाव सोडण्याआधी भेटायला म्हणून आली होती, तिलाही ओढलं.

"आत जायचं न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "बाळंतीण हाय."

"म्हणून तर आलोय. बाळंतविडा घेऊन."

"बाहेरचं वारं..."

"कानिफनाथ," विजयमालेनं पदर खांद्यावरून घेतला आणि आळीला ऐकू जाईल असा आवाज लावला, "तुम्ही चांगले बाप्ये! ओल्या बाळंतिणीच्या उंबऱ्याला चिकटून काय बसलाय? आम्ही तिला शेकायला आलोय. बघत बसणार आहात?"

शेजारची दोन दारं उघडली. साळूबाईनं कमरेवर हात ठेवले. "का रं कान्या? लाज धुऊन प्यालास व्हय?"

कानिफनाथ तांबडालाल झाला. ज्या रिवाजानं त्यानं अख्खी कचेरी अडवली होती, तोच आता त्याच्या मानगुटीवर बसला. मुंडासं सावरत तो ओट्यावरून उतरला आणि दुकानाच्या दिशेनं सुटला.

विजयमालेनं कडी काढली. आत अंधार, धूर, ठसका. लिडियानं धावत जाऊन परसाचं दार उघडलं.

कोपऱ्यात विझत आलेल्या शेगडीपाशी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. विजयमालेनं झटकन तिच्या नाकाशी बोट धरलं.

म्हातारीनं डोळे उघडले. "काय गं पोरी, नाक धरतीस व्हय माजं?"

साळूबाई पुढं आली. "अगं बया! बनुबाई!"

बनुबाईंची नदीकाठची झोपडी पुरात गेल्याला बरेच दिवस झाले होते. तेव्हापासून त्या घाटावरच्या ओवरीत पडून असायच्या. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्या ओवरीत दिसेनाशा झाल्या हे मात्र कोणालाच कळलं नव्हतं.

"शेठ म्हनला, आत बस, शेगडी इजू देऊ नगंस, ववा टाक, आन् त्वांड उघडू नगंस. दोन टाईम भाकर." त्यांना खोकला आला. विजयमालेनं पाणी दिलं. "डोकं जड झालंय जरा. पर वरतं छप्पर हाय, बाई. किती दिसानं." आणि मग तिघींचे चेहरे बघून त्यांनी विजयमालेचा हात धरला. "मला बाहेर काडाया आलाय का? नगा काडू. मी कायबी चोरलं न्हाई."

लिडिया मागे सरली. "चल, विजूताई. राहू दे त्यांना. घर रिकामं ठरवलंस, तर या पुन्हा घाटावर जातील."

हे खरं होतं. दाराबाहेर छगनशेठच्या चपलांचा आवाज आला.

६

आळी गोळा झाली होती. काकासाहेबही येऊन उभे होते, पण उंबऱ्याबाहेर, सवयीनं.

"ही कोण बाई? मी ओळखत नाही हिला!" छगनशेठ धापा टाकत ओरडले.

विजयमाला बनुबाईंच्या पुढं येऊन उभी राहिली. तिचं कॉलेजातलं तर्कशास्त्र अखेर घाणा सोडून धावलं.

"शेठ, घाई करू नका. तुमच्यापुढं दोनच वाटा आहेत. या घरात कोणी राहत नाही म्हणालात, तर घर रिकामं, सरकार सगळंच्या सगळं घेईल, आणि तुळशीवर हात ठेवून आळीदेखत घेतलेली शपथ खोटी."

लोकांत खसखस पिकली. छगनशेठनी तुळशीकडे पाहिलं.

"आणि राहते म्हणालात, तर ही बघा ती राहणारी बाई. दुसरी कोणी आत असेल तर दाखवा. तुम्हीच तिला ठेवलंत, 'राहते आणि राहणार' असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे ही तुमची भाडेकरू. आता कायद्यानं तुम्हांला तिला मनात आलं म्हणून काढता येणार नाही."

"वहिनी, हे म्हणजे..."

"एवढं मोठं घर एकट्या बाईला लागत नाही. मागच्या खोल्या रिकाम्या. त्या वाटून देता येतील ना हो?" ती काकासाहेबांकडे वळली.

"येतील," काकासाहेब म्हणाले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या कानाच्या पाळ्या आनंदानं लाल झाल्या. "मामलेदारसाहेबांची सही आणतो उद्या."

"बोला, शेठ," साळूबाई म्हणाली. "बाई ऱ्हाती का न्हाई ऱ्हात?"

छगनशेठनी जमलेल्या आळीवरून नजर फिरवली. नाहीतर शपथ मोडणारा माणूस म्हणून उद्या दुकानात बसावं लागणार होतं.

"राहते," ते पुटपुटले.

"जोरात बोला. मागच्यांस्नी ऐकू न्हाई आलं!"

"राहते! राहते!"

आळी हसली, तसे छगनशेठ घाईघाईनं निघाले. विजयमाला त्यांच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली. "आणि शेठ, पुतण्या आणायच्या असतील तेव्हा मोरीत चार घागरी पाणी ओतत चला."

आत बनुबाई लिडियाला न्याहाळत होत्या. "तू शाळंतली बाई न्हवं? किरिस्ताव?"

"हो, आजी."

"मंग तुजी चूल मागल्या खोलीत, माजी हितं. मी तुमच्या हातचं खायाची न्हाई, आदीच सांगून ठिवते."

"बरं, आजी."

बनुबाई जरा थांबल्या. आमोस त्यांच्या लुगड्याचा काठ धरून ओढत होता. "पर तू शाळंत गेल्यावर ह्यो कुनाकडं? लेकराला कसली आलीय येगळी चूल! आन हिकडं."

सोमवारी शाळेची घंटा झाली, तेव्हा लिडिया फळ्यापाशी उभी होती. आणि विजयमालेनं खिडकीतून पाहिलं, तर तारेवर आमोसची दुपटी होती. डागाळलेली, वेडीवाकडी घातलेली, अगदी खरी.

ही झाली गोष्ट. पुढं शमुवेलला फॅक्टरीच्या आवारात जागा मिळाली आणि ते तिघं तिकडे गेले. काकासाहेबांची बदली श्रीगोंद्याला झाली. मागच्या खोल्यांत आता दुसरं बिऱ्हाड आहे. माणसं चांगली आहेत म्हणतात, पण दोघंही दिवसभर कामाला बाहेर. बनुबाई पुढच्या खोलीत आहेत. त्यांना पत्र लिहिता येत नाही, आणि निरोप धाडला तर 'ब्येस हाय' एवढाच येतो.

म्हणून विजयमालेचं तुमच्याकडे एक मागणं आहे. कोपरगावला कधी उतरलात, तर छगनशेठचं घर कोणालाही विचारा, दाखवतील. दार जरा जोरात वाजवा, बनुबाई कानांनी कमी झाल्यात. "आजी, जेवलात का?" असं विचारा. त्या "व्हय" म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, आणि चुलीवरची तवली उघडून बघा.